घड्याळ लावून वाजवलेलं

चित्रपटाचं पार्श्वसंगीत चित्राशिवाय, नुसतंच ऐकत बसणाऱ्या लोकांत एक भांडण कधीच मिटत नाही. मूळ ध्वनिमुद्रण ऐकायचं की नंतर कुणीतरी नव्यानं वाजवून घेतलेलं? ज्यांना हे वेड नाही त्यांना यात भांडण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. सूर तेच, वाद्यं तीच. मी एकाच रचनेची दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावली की घरातून ठरलेली विचारणा होते, ‘हे आत्ताच झालं ना?’

पार्श्वसंगीताचं मूळ ध्वनिमुद्रण म्हणजे मैफल नव्हे. समोर पडद्यावर प्रसंग चालू असतो आणि वाद्यवृंदाच्या संचालकाची निम्मी नजर वादकांवर, निम्मी पडद्यावर. दार उघडलं की झांज, नायिकेनं मान वळवली की ओबो, आणि तेही अगदी त्याच क्षणी. त्यासाठी कानात टिकटिकणारा क्लिक ट्रॅक असतो, नाहीतर पडद्यावरून सरकत जाणारी उभी रेघ आणि तिच्या शेवटी लुकलुकणारा ठिपका. वाद्यवृंदात एक वादक जास्तीचा बसलेला असतो म्हणा ना, घड्याळ नावाचा. पुढे कधी तेच संगीत पुन्हा वाजवायला घेतलं की बाकी सगळी वाद्यं येतात, हा मात्र येत नाही. खरखर, मोनो-स्टिरिओ, माइक कुठे ठेवला होता या गोष्टींवर चाहते तासन्‌तास बोलतात. बोलोत बापडे. माझे कान या गैरहजर वादकाकडेच लागलेले असतात.

बर्नार्ड हर्मनचं ‘सायको’ घ्या. चित्रपट १९६०चा, संगीत फक्त तंतुवाद्यांचं. तेच संगीत हर्मननं १९७५ साली नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतलं. संगीतकार तोच, संचालकही तोच, लय मात्र चांगलीच संथ. चित्रपटात चोरलेले पैसे घेऊन गाडी हाकणाऱ्या बाईच्या मागे ती व्हायोलिनं हात धुऊन लागलेली असतात. नव्या ध्वनिमुद्रणात ती बाई नाही, गाडी नाही, त्यामुळे पाठलागही नाही. एकेक आघात पूर्ण उमटतो, आतल्या ओळी सुट्या ऐकू येतात, सेलो काय करत होते ते पहिल्यांदा कळतं. उतारवयात हर्मनचा हात जड झाला, असं काही जण म्हणतात. (त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला.) मला ते पटत नाही. पंधरा वर्षांनी घड्याळ काढून ठेवायला मिळाल्यावर माणूस आपल्याच रचनेत जरा रेंगाळला, एवढंच. अर्थात भीती हवी असेल तर मी चित्रपटातलंच ऐकतो. संगीतकाराचं काहीही मत असो, त्या सुरांना घाईच शोभते.

आणि मूळ समजून आपण ज्याला कवटाळतो ते पुष्कळदा मूळ नसतंच. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ची १९६१ची तबकडी हेन्री मॅन्सिनीनं खास तबकडीसाठी वेगळी वाजवून घेतली होती. ‘बेन-हर’ची १९५९ची तबकडी रोममधल्या वाद्यवृंदाची. ‘जॉज’चं तेच. १९७५च्या तबकडीसाठी जॉन विल्यम्सनं तुकडे वाढवून, सांधून ते ऐकायला भरीव केले; चित्रपटात प्रत्यक्ष वाजलेलं संगीत बाजारात यायला २००० साल उजाडलं. तबकडीवर वाढलेल्या काही चाहत्यांना तेच अपुरं वाटलं! कधी तबकडी गोळीबंद व्हावी म्हणून हा उद्योग केला जाई, कधी हिशेबासाठी. चित्रपटासाठी वाजवलेलं तबकडीवर आणायचं तर अमेरिकेतल्या वादक संघटनेच्या करारानुसार वादकांना पुन्हा मानधन द्यावं लागे. त्यापेक्षा लंडन किंवा प्रागमध्ये नवा वाद्यवृंद बसवणं परवडे.

तरी या नव्या ध्वनिमुद्रणांना नावं ठेवताना जीभ आवरते. एमजीएम स्टुडिओनं आपल्या संगीताचे कागद, स्वरलिपीच्या संपूर्ण प्रती, १९७०च्या आसपास चक्क कचऱ्यात घातल्या. जॉन विल्सन या इंग्लिश संचालकानं चित्रपट ऐकून ऐकून, संवादांच्या आणि टॅप-नृत्याच्या आवाजाआडून, वाद्यांच्या ओळी पुन्हा उतरवून काढल्या. त्यातलं संगीत २००९ साली लंडनच्या प्रॉम्स या संगीतमहोत्सवात वाजलं. अत्तर हुंगून त्याची कृती लिहून काढण्यासारखं हे काम. एवढं केल्यावर कुणी ‘पण मूळची मजा नाही’ म्हटलं तर त्याला खुर्चीवरून उठवावं.

अ‍ॅलेक्स नॉर्थपाशी तर हिशेबच उलटा होतो. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१’ या चित्रपटासाठी त्यानं संगीत लिहिलं. कामाच्या ताणानं प्रकृती इतकी बिघडली, की ध्वनिमुद्रणाला तो रुग्णवाहिकेतून गेला. आणि १९६८ साली चित्रपट पाहताना त्याला कळलं, की आपला एक सूरही त्यात नाही. कुब्रिकनं आधी तात्पुरतं म्हणून लावलेलं तयार शास्त्रीय संगीतच कायम ठेवलं होतं. नॉर्थ १९९१ साली वारला. १९९३ साली त्याचा मित्र जेरी गोल्डस्मिथ यानं ते सगळं लंडनमध्ये वाजवून घेतलं आणि तेव्हा कुठे ते लोकांच्या कानावर पडलं. मूळ ध्वनिमुद्रण बाजारात आलं २००७ साली. म्हणजे ऐकणाऱ्यांसाठी नक्कल आधी जन्मली, अस्सल चौदा वर्षांनी. गोल्डस्मिथचं ध्वनिमुद्रण जास्त देखणं आहे. तरी मी जुनंच लावतो. तिथे वादक अजून चित्रपटासाठी वाजवत आहेत. हे सगळं फेकलं जाणार आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

घड्याळाला हरवलेलं मूळ ध्वनिमुद्रणही आहे. ‘ई.टी.’च्या (१९८२) शेवटाचं संगीत वाजवताना विल्यम्सला पडद्यावरचे क्षण काही केल्या मनासारखे गाठता येईनात. तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्गनं पडद्यावरचं चित्र बंद करायला लावलं आणि सांगितलं, मैफलीत वाजवतोस तसं वाजव. मग संगीताला जुळेल असं त्यानं चित्रपटाचं संकलन नव्यानं केलं. त्या सायकली आभाळात चढतात तेव्हा सुरांना जो मोकळा श्वास आहे तो त्यामुळे.

आता चित्रपट पडद्यावर चालू ठेवून खाली सबंध वाद्यवृंदानं संगीत वाजवायचे कार्यक्रम होतात, आणि त्यात ‘ई.टी.’ही असतो. चित्रपट १९८२ सालच्या त्या मोकळ्या लयीला कायमचा बांधलेला. त्यामुळे संचालकासमोर छोटा पडदा, त्यावर सरकणारी रेघ, लुकलुकणारा ठिपका. विल्यम्सनं त्या दिवशी जिथे मनाला येईल तिथे जरा थांबून घेतलं होतं, तिथे आता नेमकं तेवढंच थांबायचं.