हेड खोलायचं की झाकण बदलायचं?

गाडीची किल्ली देण्याआधी ताईंनी माझ्या हातात एक कागद ठेवला. दुसऱ्या एका गॅरेजने लिहून दिलेली यादी होती ती: हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील), रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज, इंजेक्टर सफाई, पुढचं सस्पेन्शन. गाडी पेट्रोलवरची, 16 वर्षं वापरलेली. "दादा, एवढं सगळं करायचं असेल तर मी ती भंगारातच देते," त्या म्हणाल्या.

यादी बाजूला ठेवून मी त्यांनाच विचारलं की नेमकं होतं काय. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध असतो, चढावर एसी लावला की वर सरकतो. मग त्या सहज बोलून गेल्या, "बाटली तर नेहमी भरलेलीच असते, पण रेडिएटर दर आठवड्याला पाणी मागतो." माझ्यासाठी हे वाक्य त्या अख्ख्या यादीपेक्षा मोलाचं होतं. इंजिन तापलं की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, फुगून बाटलीत जातं आणि गार झालं की त्याच नळीतून परत ओढलं जातं. जाणं होतंय आणि येणं होत नाही, म्हणजे संशय आधी रेडिएटरच्या झाकणावर.

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे चेहरा आणि हात भाजून घेणं, तिथे घाई करायचीच नाही. झाकण काढलं तर आतलं रबर कडक होऊन चिरलेलं. झाकणावर 0.9 बार लिहिलेलं होतं, पण टेस्टरवर लावल्यावर ते निम्म्या दाबालाच सुटत होतं. या दाबावर बरंच अवलंबून असतं. कूलंट आणि पाणी निम्मेनिम्मे असलेलं मिश्रण उघड्यावर सुमारे 107 अंशांना उकळतं, 15 पीएसआय (सुमारे 1 बार) दाबाखाली सुमारे 129 अंशांना. दाब टिकला नाही की चढावर आतल्या आत उकळी फुटते. शिवाय गार होताना चिरलेल्या रबरातून बाटलीतल्या कूलंटऐवजी हवा आत येते. बाटलीत दिसणारे बुडबुडे तिचेच असणार, असं मला वाटलं.

पण वाटण्यावर हेड गॅस्केट खोडता येत नाही. त्या गॅरेजने ते लिहिलं होतं दोन कारणांनी: हे बुडबुडे, आणि ऑइलच्या झाकणाखाली साचलेला दुधी फेस. मी डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, काढून पाहिली, ऑइल स्वच्छ होतं. ताई गाडी रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालवतात. इतक्यात ऑइल पुरतं तापत नाही, आतला दमटपणा उडून जात नाही आणि झाकणाखाली तसा फेस धरतो. तरीही इंजिन गरम करून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची चाचणी लावली. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर पेट्रोल गाडीत हे द्रावण पिवळं पडतं. बराच वेळ धरलं. निळंच राहिलं. चारही स्पार्क प्लग सारखे, कुठलाच धुवून काढल्यासारखा दिसत नव्हता; सिलिंडरमध्ये कूलंट शिरलं की प्लग तसा दिसतो. एवढं झाल्यावरच मी ताईंना सांगितलं की हेड खोलायची आज गरज नाही.

मग इंजिन पुन्हा गार करून हातपंपाने सिस्टीममध्ये दाब भरला. पंपावरचा दाबाचा काटा हळूहळू उतरायला लागला आणि टॉर्चच्या उजेडात वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून थेंब दिसला. ते भोक त्यासाठीच असतं, आतलं सील गेलं की तिथून गळतं. म्हणजे यादीतला पंप खरा होता. या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद कुठेच नव्हती. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून पंपासोबत बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बदलायचे ठरवले. कूलंट काढायचंच होतं, तेव्हा थर्मोस्टॅटही. होजपैकी फक्त खालचा क्लॅम्पजवळ दाबल्यावर मऊ लागला, तेवढाच बदलला. रेडिएटरवर सगळीकडे तापमान सारखं उतरत होतं, त्याला हात लावला नाही. इंजेक्टर सफाईसाठी तर एकही लक्षण नव्हतं.

सस्पेन्शन तपासायला गाडी वर उचलली. बुशवर, म्हणजे सांध्यांमधल्या रबरावर, वरवर चिरा, पण हलवून पाहिलं तर ढिलेपणा नाही, ते थांबू शकतं. मात्र पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक होज फुगलेला होता, आणि यादीत त्याचा उल्लेखच नव्हता. मला राग आला, लपवणार नाही. गाडी गरम झाली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते, ब्रेक गेला तर तेवढी सवड मिळत नाही. पुढचे दोन्ही होज आणि ब्रेक ऑइल मी सगळ्यात वर लिहिलं.

निघालेलं कूलंट गंजाच्या रंगाचं होतं, रेफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्यातलं कूलंटचं प्रमाण मोजायच्या उपकरणावर, नावापुरतंच. वर्षानुवर्षं नळाचं पाणी पडलं की क्षार साचतात आणि गंजरोधक संपत जातात. जहाल फ्लश मी जुन्या रेडिएटरला वापरत नाही, कधीकधी त्या क्षारांनीच बारीक छिद्रं बुजवलेली असतात. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं, शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने. ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच, म्हणून तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. सिस्टीमची क्षमता 6 लिटर, तर आधी 3 लिटर निव्वळ कूलंट, वर लागेल तेवढं डिस्टिल्ड. कूलंट रंग बघून नाही, पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच घेतलं. मग हीटर पूर्ण उघडून हवा काढली आणि रेडिएटरला नवं झाकण लावलं. जुनं कूलंट डब्यात भरून झाकण लावलं; ते चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जीव जातो.

संध्याकाळी ताईंना शेजारी बसवून एसी लावला आणि गाडी चढावर नेली. काटा मधोमध राहिला. रात्रभर गाडी ठेवून घेतली. सकाळी बाटलीतली पातळी खुणेपर्यंत उतरली होती आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. त्यांच्या कागदावर मी हेड गॅस्केट, रेडिएटर आणि इंजेक्टर सफाई ही तीन कामं खोडली, सस्पेन्शनपुढे "पुढच्या सर्व्हिसला बघणे" लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली: दर रविवारी, इंजिन गार असताना, बाटलीची पातळी बघणे, बाहेर गळती नसताना ती उतरत गेली तर लगेच गाडी आणणे, मग गॅस्केटची चाचणी पुन्हा करू.