लेडी ओटोलिनच्या शोधात: ब्लूम्सबरी ते गार्सिंग्टन

लंडनला आलेली आपली मंडळी ब्रिटिश म्युझियम बघतात आणि दमून थेट ऑक्सफर्ड स्ट्रीट गाठतात. पण म्युझियमपासून पाच मिनिटं चाललं की याच ब्लूम्सबरी भागातला बेडफर्ड स्क्वेअर लागतो, अठराव्या शतकातली काळपट विटांची घरं चारी बाजूंनी आणि मधे रेलिंग लावलेली खाजगी बाग. आता बहुतेक घरांमध्ये ऑफिसं आहेत. मी ४४ नंबरच्या दारासमोर बराच वेळ उभी होते, कारण १९०६ च्या सुमारापासून पुढची आठेक वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी हे दार उघडायचं आणि आत कोण येईल याचा नेम नसायचा, एखादा मंत्री, एखादा खिशात दमडी नसलेला चित्रकार, हेन्री जेम्ससारखा म्हातारा लेखक. रशियन बॅले नर्तक निजिन्स्की लंडनला नाचायला आला तेव्हा तोही इथे यायचा. या घराची मालकीण म्हणजे लेडी ओटोलिन मॉरेल.

हिच्याबद्दल वाचलं होतं ते सगळं थट्टेच्या सुरात. सहा फूट उंच, तांबूस केस, लांब नाक, अवाढव्य हॅट्स, विचित्र रंगांचे पायघोळ कपडे. पुस्तकांमध्ये ती येते ती कुणाच्या तरी विनोदाचा विषय म्हणूनच. मला हे पहिल्यापासून खटकत होतं, म्हणून या वेळी लंडनमध्ये तिची सगळी ठिकाणं बघायचीच असं ठरवून गेले होते.

जन्म १८७३ चा, घराणं कॅव्हेंडिश-बेंटिंक. सहा वर्षांची असताना सावत्र भाऊ पोर्टलंडचा ड्यूक झाला आणि सगळं कुटुंब नॉटिंगहॅमशायरच्या वेलबेक ॲबीत राहायला गेलं. आधीच्या ड्यूकने तिथे जमिनीखाली बोगदे आणि एक प्रचंड हॉल बांधून ठेवला होता, अशा जागेत या मुलीचं बालपण गेलं. तिच्या वर्गातल्या मुलींनी चांगलं स्थळ बघून लग्न करायचं, पार्ट्या द्यायच्या, संपलं. ही आधी सेंट अँड्रूजला आणि मग ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात थोडं थोडं शिकली, आणि १९०२ मध्ये फिलिप मॉरेलशी लग्न केलं, जो वकील होता आणि पुढे लिबरल पक्षाचा खासदार झाला. १९०६ मध्ये जुळी झाली, त्यातला मुलगा काही दिवसांतच गेला, मुलगी ज्युलियन वाचली.

चित्रकारांना मदत करायची म्हणजे नुसतं कौतुक करून भागत नाही, त्यांची चित्रं विकत घ्यावी लागतात हे तिला नीट कळलेलं होतं. १९१० मध्ये कलासमीक्षक रॉजर फ्रायसारख्या लोकांबरोबर तिने कंटेंपररी आर्ट सोसायटी उभी केली, उद्देश हा की हयात असलेल्या कलाकारांचं काम विकत घ्यायचं आणि सार्वजनिक म्युझियम्सना देऊन टाकायचं. ही संस्था आजही चालू आहे. म्हणजे ब्रिटनमधल्या एखाद्या लहान शहरातल्या म्युझियममध्ये जो माणूस आज एखादं आधुनिक चित्र बघतो त्यात या बाईचा वाटा असू शकतो, आणि आपण मात्र हॅटबद्दल बोलत बसतो.

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलबरोबरचं तिचं प्रेमप्रकरण सगळ्यांना माहीत असतं, १९११ ला सुरू झालं, त्याने तिला आयुष्यभरात जवळजवळ दोन हजार पत्रं लिहिली. मला त्यातलं १९१८ चं जास्त आवडतं, पहिल्या महायुद्धाच्या विरोधातल्या लिखाणासाठी रसेल ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होता, तोवर प्रेम ओसरून मैत्री उरली होती, तरी ती भेटायला जायची आणि तो पुस्तकांच्या न कापलेल्या पानांमध्ये चिठ्ठ्या लपवून बाहेर पाठवायचा.

युद्धापासूनच तिची खरी गोष्ट सुरू होते. ३ ऑगस्ट १९१४ ला फिलिप पार्लमेंटमध्ये युद्धाच्या विरोधात उभा राहून बोलला. त्या दिवशी असं बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्याची राजकीय कारकीर्द तिथेच संपायला लागली, १९१८ नंतर तो खासदार नव्हता. १९१५ मध्ये नवरा-बायको ऑक्सफर्डजवळ गार्सिंग्टन गावातल्या जुन्या मॅनरमध्ये, म्हणजे जमीनदारी वाड्यात, राहायला गेले.

तिकडे जायला मला मावसबहिणीची मदत झाली, ती ऑक्सफर्डला असते. "ताई, त्या गावात बघण्यासारखं काय आहे ग?" असं मी निघताना सारखी विचारत होते, ती म्हणाली आधी चल तर. पॅडिंग्टनहून ट्रेनने तासाभरात ऑक्सफर्ड, मग तिच्या गाडीने काउलीवरून पुढे. मोटारींचा कारखाना मागे पडला की शेतं सुरू होतात आणि गाव एका चढावर वसलेलं आहे, तिथून खालचा सगळा मुलूख दिसतो. मॅनर खाजगी मालमत्ता आहे, सहज आत जाता येत नाही, त्यामुळे आम्ही फाटकातूनच बघितलं. उंच कापलेली यू झाडांची कुंपणं, मागे सतराव्या शतकातलं दगडी घर. मागच्या उतारावर तिने इटालियन पद्धतीची बाग केली, चौकोनी तळं, कडेने पुतळे, मोर सोडलेले. घरात एक खोली लाल रंगवली, एक समुद्री हिरवी.

१९१६ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. ज्यांना बंदूक हातात घेणं मान्य नव्हतं त्यांनी ट्रिब्युनलसमोर उभं राहायचं, तुरुंगात जायचं किंवा देशाच्या उपयोगाचं काहीतरी काम करायचं. शेती त्यात बसत होती, म्हणून मॉरेल दांपत्याने आपल्या शेतावर या लोकांना कामाला ठेवलं. कलासमीक्षक क्लाइव्ह बेल होता, इतरही होते. काही जण उशिरापर्यंत झोपायचे, शेतात फारसं काही करायचे नाहीत आणि वर जेवणाबद्दल कुरकुर. आपल्याकडे वारावर जेवून शिकलेली मुलं त्या घरांचं ऋण म्हातारपणीही सांगायची, इथे मात्र पाहुणे रात्री तिच्या टेबलावर जेवायचे आणि सकाळी तिच्याच कागदावर मित्रांना तिची टिंगल करणारी पत्रं लिहायचे.

कादंबरीकार डी. एच. लॉरेन्सने तिला सगळ्यात जास्त दुखावलं. तिने त्याला जीव लावला होता, त्याच्यासाठी धडपडली होती, आणि त्याने कादंबरीत हर्मायनी रॉडिस नावाचं पात्र उभं केलं जे वाचून कुणालाही कळेल की ही कोण. हस्तलिखित वाचून ती कोसळली. पुढे कितीतरी वर्षं संबंध तुटले. लेखक आल्डस हक्सलीनेही १९२१ मध्ये आपल्या कादंबरीत तेच केलं, जो तिच्याच घरी मारिया नीसला भेटला, त्या बेल्जियन निर्वासित मुलीला ओटोलिननेच आसरा दिला होता आणि तिच्याशीच हक्सलीने लग्न केलं! लेखकाला जगण्यातूनच कच्चा माल मिळतो हे मला मान्य आहे, पण जिच्या घरी आपण राहिलो, जेवलो तिच्याशी असं वागणं मला पटत नाही आणि ते थोर लेखक होते म्हणून पटेल असंही नाही.

याच घरात कवी सीगफ्रीड सासून यायचा. खंदकात लढलेला, शौर्यपदक मिळालेला ऑफिसर, आणि १९१७ मध्ये त्याने युद्ध उगाच लांबवलं जातंय असं जाहीर निवेदन दिलं. त्या निवेदनामागे रसेल होता, ओटोलिनचा पाठिंबा होता. नंतर त्याला एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट हॉस्पिटलात पाठवलं तर ही तिथेही भेटायला गेली.

आणि चित्रकार मार्क गर्टलर. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब ज्यू स्थलांतरितांचा मुलगा. गार्सिंग्टनला त्याला कामासाठी जागा मिळाली, तिथल्या तळ्याचं चित्र त्याने १९१६ मध्ये केलं. त्याच वर्षीचं त्याचं 'मेरी-गो-राउंड' लंडनच्या टेट ब्रिटन गॅलरीत आहे ते मी आदल्या आठवड्यात बघितलं होतं, लाकडी घोड्यांवर सैनिक आणि बायका, सगळ्यांची तोंडं उघडी, सगळे एकाच चक्रात अडकलेले. युद्धाबद्दल इतकं भीतीदायक चित्र मी दुसरं बघितलेलं नाही.

गावातल्या सेंट मेरी चर्चमध्ये जरूर जा. ओटोलिनच्या स्मरणार्थ तिथे शिल्पकार एरिक गिलने कोरलेली शिळा आहे, अक्षरं इतकी सुबक की बोट फिरवावंसं वाटतं.

१९२८ पर्यंत पैसे संपत आले होते (लोकांना वाटायची तितकी ती कधीच श्रीमंत नव्हती), मॅनर विकला आणि लंडनला १० गावर स्ट्रीटला लहान घर घेतलं. तिथे निळी पाटी आहे, साहित्यिकांची यजमान आणि कलांची आश्रयदाती म्हणून. त्याच वर्षी जबड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये दात आणि जबड्याचा भाग गेला, नंतर ती हनुवटीभोवती स्कार्फ गुंडाळायची. तरी गुरुवारचे चहा चालूच, कवी येट्स यायचा, एलियट यायचा. या आजारपणात लॉरेन्सनेही तिला पत्र लिहिलं. १९३८ मध्ये ती गेली तेव्हा 'टाइम्स'मध्ये लेखिका व्हर्जिनिया वुल्फने तिच्यावर लिहिलं, तीच वुल्फ जिने आधी पत्रांतून भरपूर चेष्टा केली होती.

ऑगस्टस जॉनने केलेलं तिचं पोर्ट्रेट नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात आहे. मोठी काळी हॅट, मोत्यांची माळ, ओठ विलग, दात दिसतायत. १९२० मध्ये ते प्रदर्शनात लागलं तेव्हा पेपरवाले तुटून पडले होते. तिने ते घेतलं आणि आपल्या दिवाणखान्यात लावलं. गॅलरीला तिकीट नाही, पण चित्रं आलटून पालटून लावतात म्हणून आधी वेबसाइटवर बघून जा. आणि तिथेच तिने स्वतः काढलेल्या फोटोंचे बारा अल्बमही आहेत, बरेचसे ऑनलाइन बघता येतात. गार्सिंग्टनच्या हिरवळीवर खुर्च्या टाकून बसलेले हे सगळे मोठे लोक, तिच्या कॅमेऱ्यातून. त्यातल्या कुणाचीही तिने खिल्ली उडवलेली मला तरी दिसली नाही.