आमची वाटचाल : डेमो काउंटरवरच

गोव्यात फोंड्याला आमचं छोटं ऑफिस आहे. गेस्ट हाऊस आणि लहान हॉटेलांसाठी बुकिंगचं, बिलांचं सॉफ्टवेअर करतो. सुरुवातीची पद्धत सगळ्यांचीच होती : मालकाकडून यादी लिहून घ्यायची, खाली सही घ्यायची आणि चार-पाच महिन्यांनी तयार माल नेऊन लावायचा. मे महिन्यात यादी देणारा मालक ऑक्टोबरात सीझन लागला की वेगळंच मागायचा. त्याचंही बरोबरच. समोर काही दिसल्याशिवाय काय हवं ते सुचतं कुणाला?

अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करून दाखवत, बदलत न्यायची पद्धत, तोवर प्रत्येकाच्या बायोडेटात आलं होतं. २००१ साली अमेरिकेतल्या युटात १७ जणांनी लिहिलेला मूळ जाहीरनामा वाचला, तर त्यात रोज सकाळी उभं राहून मीटिंग घ्या, असं कुठेच नाही. धंदा सांभाळणाऱ्यांनी आणि डेव्हलपरांनी रोज मिळून काम करावं, हे मात्र आहे. रोज जमणार नव्हतं. दर दोन आठवड्यांनी डेमो ठेवला, तोही हॉटेलच्या काउंटरवर, चेक-आऊटची गडबड आटोपल्यावर. शुक्रवार टाळून, कारण म्हापशाचा बाजार.

परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. त्यासाठी तेव्हा फॉर्म सी भरावा लागायचा. कळंगुटच्या एका रिसेप्शनिस्ट मुलीनं आमच्या डेव्हलपरसमोरच तो भरायला घेतला. पासपोर्ट नंबर, मग व्हिसा, मग पुन्हा पासपोर्टची मुदत. "सर, किती वेळा पानं उलटायची? आधी हे पान संपवू दे ना!" रकान्यांचा क्रम बदलायला अर्धा दिवस लागला. आमच्या यादीत ही गोष्ट कधीच आली नसती.

कामांच्या बोर्डावर 'चालू' रकान्यात माणशी एकच कार्ड, म्हणजे एकच काम. टेस्टिंग तुंबलं की नवं काम कोणी उचलायचं नाही, सिनियरनंही टेस्टिंगला बसायचं. यावर कुरकुर बरीच झाली, अजूनही होते. चालू स्प्रिंटमध्ये, म्हणजे दोन आठवड्यांच्या टप्प्यात, मध्येच काम घुसवायचं नाही, हेही पाळतो. पण १८ जुलै २०२२ पासून हजाराखालच्या खोल्यांवरही १२ टक्के जीएसटी लागणार असं ठरलं, तेव्हा स्प्रिंटच रद्द केला. स्क्रम या अजाइलच्याच एका प्रकारात प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे कोणतं काम आधी ते ठरवणाऱ्याला, तो अधिकार आहे. आमच्याकडे तो मीच.

खरं अवघड गेलं ते पैशाचं. "एकदाच काय तो आकडा सांगा," हेच सगळे म्हणायचे. आम्ही दोन आठवड्यांचा दर लावला, नको वाटलं तर पुढचा स्प्रिंट घेऊ नका. रात्रीच्या भावानं खोली देणाऱ्या माणसाला हा हिशेब लगेच पटतो. बँकेच्या कर्जासाठी कोटेशन हवं असलेल्याला नाही. अशांना पहिल्या तीन स्प्रिंटचं ठोक कोटेशन देतो.

चतुर्थीच्या आठवड्यात स्प्रिंट ठेवत नाही. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला सगळे गावी, डेमो दाखवणार कोण आणि बघणार तरी कोण?