तुम्ही विचारलंत म्हणून: यलोस्टोनचे बायसन लोकमतानं वाचले का?

‘लोकांनी आवाज उठवला की सरकार हलतं का?’ राष्ट्रीय उद्यानांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो आणि दाखला अमेरिकेतल्या यलोस्टोनचा दिला जातो: लोकांनी आवाज उठवला, कायदा झाला आणि तिथले बायसन, म्हणजे अमेरिकी रानगवे, वाचले. दाखला चांगला आहे, फक्त तो अर्धाच सांगितला जातो.

अमेरिकी काँग्रेसनं १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव केलं, पण शिक्षेचं कलमच घातलं नाही. पहिली पाच वर्षं एक डॉलरही मंजूर झाला नाही. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफर्ड बिनपगारी होते. १८८६ मध्ये उद्यान घोडदळाच्या हवाली झालं. सैनिकांनी शिकारी पकडला, तरी सामान जप्त करून त्याला हद्दीबाहेर सोडण्यापलीकडे काही करता येत नसे.

सिनेटर जॉर्ज वेस्ट कायदा कडक व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटत होते. सिनेटमध्ये मंजूर झालेलं प्रतिनिधिगृहात अडे, कारण कुक सिटीच्या खाणींपर्यंत उद्यानातून रेल्वे नेऊ पाहणाऱ्यांना त्यात आपल्या मार्गाची परवानगी घुसवायची असे. रेल्वेसकट कायदा घ्यायचा की कायद्याविना राहायचं? उद्यानाचे पाठीराखे रेल्वेला नकारच देत राहिले. मला तो निर्णय योग्यच वाटतो, पण त्याची झळ बायसनना बसली. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ साप्ताहिकातून संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल सतत लिहीत होते. लोकमत होतं, नड होती ती नेमक्या घटनेची.

ती मार्च १८९४ मध्ये घडली. पेलिकन खोऱ्यात एडगर हॉवेल मारलेल्या बायसनचं कातडं सोलत होता. बंदूक काही पावलांवर ठेवलेली. वारा एवढा होता की लष्कराचा स्काउट (टेहळ्या) फेलिक्स बर्जेस अगदी जवळ पोचेपर्यंत हॉवेलच्या कुत्र्यालाही चाहूल लागली नाही. पकडला गेल्यावरही हॉवेल निर्धास्त होता: जप्त होणारं सामान २६ डॉलर ७५ सेंटचं, आणि शिकारीतून २,००० डॉलर सुटायचे होते.

ग्रिनेल यांच्याच साप्ताहिकाचे बातमीदार इमर्सन हफ तेव्हा उद्यानात होते, सोबत छायाचित्रकार हेन्स. हे दोन आकडे छापून आले आणि कायद्यातलं भोक कुणालाही दिसेल असं उघडं पडलं. बातमीच्या पाठोपाठ ग्रिनेल आणि थिओडोर रूझवेल्ट यांच्या बून अँड क्रॉकेट क्लबनं (वन्यजीव टिकावेत म्हणून झटणाऱ्या शिकाऱ्यांची संस्था) वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा केला. आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांनी मार्च संपायच्या आत विधेयक मांडलं, तेही रेल्वेचं लचांड न जोडता. ७ मे रोजी अध्यक्ष क्लीव्हलंड यांची सही झाली: दोन वर्षांपर्यंत कैद, १,००० डॉलरपर्यंत दंड.

म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांना मी आधी विचारते, कोणतं कलम बदलायचंय आणि ते सभागृहात मांडणार कोण? ही दोन उत्तरं नसतील तर निवेदनाची पोच मिळते, बाकी काही नाही.

आणि कायद्यानंही कळप लगेच सावरला नाही. १९०२ पर्यंत उद्यानात जेमतेम दोन डझन बायसन उरले. तेव्हा खासगी कळपांतून २१ विकत आणावे लागले आणि त्यासाठी काँग्रेसकडून १५,००० डॉलर वेगळे मंजूर करून घ्यावे लागले.