ज्युनिअर स्वीट म्हणजे स्वीट नव्हे: सिंगापूर–पेनांग–फुकेत क्रूझ, नाशिकहून चौघे

आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबर 2025 मध्ये पन्नास वर्षं झाली. उभं आयुष्य पंचवटीतल्या दोन खोल्यांत काढलं त्यांनी. एकदा तरी दोघांना थाटात फिरवायचं म्हणून क्रूझ ठरवली आणि हट्टाने स्वीट (suite) घेतला, म्हणजे जहाजातली मोठी, महागडी खोली. मी, बायको आणि ते दोघं, दोन खोल्या, सिंगापूरहून पेनांग, फुकेत करून परत सिंगापूर, चार रात्री. येऊन तीन आठवडे झाले तरी राग गेलेला नाही, तो खाली दिसेलच. पण यातला एकेक आकडा मी कागद समोर ठेवून लिहितो आहे.

साध्या बाल्कनीच्या खोलीला माणशी 61,000 सांगितले होते, ‘स्वीट’ला 98,000. विमान वेगळं. माणशी 37,000 जास्त, चौघांचे 1,48,000. ते कशासाठी, तर एजंटचे शब्द असे: “साहेब, स्वीटवाल्यांचं सगळंच वेगळं. चढायची रांग वेगळी, जेवायचं वेगळं, लाउंज वेगळा. काकांना कुठे उभंच राहावं लागणार नाही.” बाबांचे गुडघे दुखतात. त्या शेवटच्या वाक्यावर मी पैसे भरले.

परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापतात. 2025-26 मध्ये 10 लाखांपर्यंत तो 5 टक्के होता. ही रक्कम बुडत नाही, पॅनवर जमा होते, 26एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) दिसते आणि रिटर्न भरताना वळती होते. म्हणून घरात जो रिटर्न भरतो त्याचाच पॅन द्या. आमच्याकडून आई-बाबांचेही पॅन मागितले होते, मी दिले नाहीत.

जाण्याचं थोडक्यात. नाशिकच्या ओझर विमानतळावरून सिंगापूरला थेट विमान नाही, मुंबई गाठावीच लागते. जून 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण भिवंडीनंतरची गर्दी तशीच आहे, तिथे दीड तास हातचा ठेवा. सिंगापूरला जहाजाच्या आदल्या दिवशीच पोहोचा. त्याच दिवशीचं विमान धरून जहाज पकडायचा बेत करू नका, जहाज कुणासाठी थांबत नाही. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना तेही बघा, कारण परत येता तेव्हा तो दुसरा प्रवेश असतो.

आता मूळ दुखणं. मरीना बे टर्मिनलला पोहोचलो आणि ‘स्वीट गेस्ट’ लिहिलेल्या रांगेत बाबांना उभं केलं. काउंटरवरच्या मुलीने पास बघितला, नम्रपणे मान हलवली आणि मोठ्या रांगेकडे बोट केलं. सव्वा तास लागला. तेव्हा वाटलं, हिचीच काहीतरी चूक असेल.

खोलीत गेलो. माझा धंदा फर्निचरचा, अंबडला वर्कशॉप आहे, टेप कायम बॅगेत असतो. खोली आतून 272 चौरस फूट भरली, बाल्कनी 80. पत्रकात 350 छापलेले होते, म्हणजे बाल्कनी धरून. सोफा आणि पलंग यांच्यामध्ये भिंत नाही, फक्त पडदा. मुळात स्वीट म्हणजे बसायची आणि झोपायची जागा वेगळी. आमचा ‘ज्युनिअर स्वीट’ ही फक्त मोठी खोली होती, बाथरूममध्ये टब होता आणि कपाट जरा प्रशस्त होतं, बस्स. लाउंजच्या दारावर कार्ड लावलं तर लाल दिवा. स्वीटवाल्यांच्या रेस्टॉरंटच्या यादीत आमचं नाव नाही.

आणि मग ती रात्र. आमच्या दोन्ही खोल्या बाराव्या डेकवर, म्हणजे मजल्यावर. बऱ्याच जहाजांवर तेरावा डेक नसतोच, त्यामुळे आमच्या वर थेट चौदावा, आणि चौदाव्यावर बुफे. रात्री साडेबारापर्यंत ट्रॉल्यांची ये-जा. दीडला शांत झालं. पहाटे 4 वाजून 40 मिनिटांनी खुर्च्या सुरू झाल्या. लोखंडी पायाची खुर्ची कडक फरशीवरून ओढली की कर्रर्र असा जो आवाज येतो तो, एकापाठोपाठ एक, थेट उशाच्या वर. मी लाकडात पंचवीस वर्षं आहे. पायाला रबरी बूट नसलेली खुर्ची मला आवाजावरून कळते. खाली पोलादी पत्रा, मध्ये वायर-पाइपची पोकळी, त्याखाली पातळ छत. आवाज अडवायला काही नाही, उलट पोकळी तो वाढवते. मी बाल्कनीत गेलो तर पार्टिशनपलीकडे बाबा आधीच येऊन बसलेले. मफलर गुंडाळलेला, काळोखात समुद्राकडे बघत. म्हणाले, “झोप झाली रे माझी.” झालेली नव्हती.

दुसऱ्या रात्री तेच. तशीच 4.40 ला सुरुवात.

आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा होता, मराठी छान बोलायचा. त्यानेच सांगितलं, “काका, या लाइनीतल्या खोल्यांची रोज तक्रार असते. माहीतगार लोक इथे घेत नाहीत. गॅरंटीवाल्यांना मिळते.” गॅरंटी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तुम्ही फक्त प्रकार निवडायचा, खोलीचा नंबर जहाज कंपनी शेवटी देते. त्यामुळे ती स्वस्त पडते आणि बहुतेक वेळा जे कुणी घेत नाही ते मिळतं. खाली चौकशी कक्षात मूळ बुकिंग उघडून दाखवलं: खोली क्रमांकाच्या जागी सुरुवातीपासून जीटीवाय, म्हणजे गॅरंटी. एजंटने आम्हाला स्वतःच्या लेटरहेडवरचं व्हाउचर दिलं होतं, त्यात असं काही नव्हतं. आमच्याकडून नंबर निवडण्याचे पैसे घेतले आणि बुकिंग केलं गॅरंटीचं.

हे पाठ करून ठेवा: एजंटचं व्हाउचर हा पुरावा नाही. पैसे पूर्ण भरण्याआधी जहाज कंपनीचं मूळ कन्फर्मेशन मागा, त्यावरचा बुकिंग नंबर कंपनीच्या साइटवर टाकून स्वतः उघडा आणि खोलीचा नंबर व प्रकाराचं नाव वाचा. जो एजंट हे द्यायला टाळाटाळ करेल त्याच्याकडे बुकिंग करू नका. ओळखीचा असला तरी.

दुसरी गोष्ट मला बिलावरून कळली आणि ती कुणीच सांगत नाही म्हणून नीट लिहितो. जहाजावर रोज माणशी टिप आपोआप खात्यावर चढते. तिला ग्रॅच्युइटी म्हणतात, पण ती टिपच. बहुतेक मोठ्या कंपन्यांचे तिचे दोन दर असतात: साध्या खोल्यांचा एक आणि स्वीटचा त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी मी टीव्हीवर बिल बघितलं तर आम्हाला साधा दर लागला होता. म्हणजे जहाजाच्या हिशेबात आम्ही स्वीटवाले नव्हतोच! ही सर्वांत खरी परीक्षा आहे. बुकिंगआधी कंपनीचा टिपेचा तक्ता उघडा आणि तुमचा प्रकार कोणत्या दरात बसतो ते बघा. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीकडे ‘क्लब बाल्कनी स्वीट’ नावाचा प्रकार आहे. नावात स्वीट आहे, पण टिपेच्या तक्त्यात तो साध्या खोल्यांबरोबर येतो. मिनी, ज्युनिअर, क्लब असं काहीही पुढे लागलं की हा तक्ता बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरा स्वीट कसा असतो ते मला तिसऱ्या दिवशी दिसलं. फुकेतला जहाज धक्क्याला लागलं नाही, पातोंगच्या समोर नांगर टाकला आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेलं. याला टेंडर म्हणतात. आम्ही नंबर घेऊन एक तास पन्नास मिनिटं बसलो. आमच्या समोरून नगरचं एक कुटुंब पहिल्या बोटीने गेलं, संध्याकाळी त्यांची ओळख झाली. त्यांनी खोली दाखवली: झोपायची खोली वेगळी, दार लावता येतं, जेवणाचं टेबल, आणि कॉन्सिअर्ज नावाचा माणूस जो शोच्या जागा, बोटीचा नंबर, रेस्टॉरंटची वेळ सगळं बघतो. त्यांनी माणशी आमच्यापेक्षा 52,000 जास्त दिले होते. त्यांच्या आजींना चार दिवसांत एकदाही रांगेत उभं राहावं लागलं नाही. तेवढे पैसे असतील तर द्या, नसतील तर सरळ साधी बाल्कनी घ्या. मधलं घेऊ नका. हे माझं ठाम मत आहे.

काही कंपन्यांनी तर स्वीटवाल्यांसाठी जहाजातच वेगळं जहाज केलंय. नॉर्वेजियनचं ‘द हेवन’, एमएससीचा ‘यॉट क्लब’ (2008 मध्ये एमएससी फँटासियावर पहिल्यांदा आला), सेलिब्रिटीचं ‘द रिट्रीट’. कार्डाशिवाय आत जाता येत नाही. लाउंज, रेस्टॉरंट, उन्हात पडायची जागा सगळं त्यांचं त्यांचं. क्युनार्डवर तर तुमच्या खोलीवरून तुमचं जेवणाचं दालनच ठरतं, ‘क्वीन्स ग्रिल’ किंवा ‘प्रिन्सेस ग्रिल’. मात्र नॉर्वेजियनकडे हेवनच्या बाहेरचेही स्वीट असतात, ते थोडे स्वस्त, आणि त्यांना त्या भागात प्रवेश नसतो. त्यामुळे ‘हेवनमध्येच ना?’ हा प्रश्न लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या.

असा स्वीट घेतलात तर तो वसूल होतो समुद्रातल्या दिवसांवर. आमच्या चार रात्रींत दोन दिवस बंदरात गेले, पूर्ण समुद्राचा दिवस एकच. इतक्या छोट्या फेरीत खरा स्वीटसुद्धा वाया जातो, खोलीत थांबतं कोण? सात रात्री आणि त्यात दोन-तीन दिवस समुद्राचे असतील तरच विचार करा. चढायच्या दिवशी दुपारी बारापर्यंत आत शिरा, कॉन्सिअर्जला लगेच गाठून शोच्या जागा आणि टेंडरचं सांगून टाका. जेवणाचं, विशेषतः जैन किंवा कांदा-लसूण नको असेल तर, बुकिंगच्या वेळीच नोंदवा. छोट्या खास रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी पदार्थ मोजकेच असू शकतात, मेनू आधी बघा. आमच्या बाबांना मोठ्या दालनात रोज डाळ-भात मिळाला, त्यावर ते खूष होते.

खोली निवडताना डेकचा नकाशा मोबाइलवर नको, लॅपटॉपवर मोठा करून बघा. फक्त तुमचा डेक नाही, त्याच्या वरचा आणि खालचा एकावर एक ठेवून बघा. वरही खोल्या आणि खालीही खोल्या, अशी मधली जागा सर्वांत शांत. वर बुफे, पूल किंवा जिम असेल तर नको. खाली थिएटर किंवा नाइट क्लब असेल तरी नको. नकाशावर काहीच न लिहिलेला कोरा चौकोन दिसला तर तिथे बहुधा स्वयंपाकघर किंवा स्टोअर असतं, तेही टाळा. दोन खोल्यांमधल्या दाराची खूण असेल तर शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं. अगदी पुढच्या टोकाचे स्वीट फोटोत सुंदर दिसतात, पण जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा टोकं सर्वांत जास्त हलतात आणि जितकं उंच तितकं जास्त. बाजूने डोलणं कमी करायला स्टॅबिलायझर असतात, या पुढे-मागे डोलण्याला त्यांचा उपयोग होत नाही. मळमळणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर राहावं. पुढच्या टोकाला खालच्या डेकवर खोली घेतलीत तर बंदरात शिरताना पहाटे बो थ्रस्टरची (जहाजाचं पुढचं टोक बाजूला सरकवणाऱ्या यंत्राची) घरघर अंथरुणात जाणवते.

फुकेतच्याच दिवशी आठव्या डेकवर मध्यभागी एक साधी बाल्कनीची खोली रिकामी निघाली आणि चौकशी कक्षातल्या बाईंनी आई-बाबांना तिथे हलवलं. पैसे घेतले नाहीत. ही खोली आमच्या ‘स्वीट’पेक्षा जवळजवळ ऐंशी चौरस फूट लहान. त्या रात्री बाबा साडेनऊला झोपले ते सकाळी सातला उठले. चौथ्या दिवशी आम्ही चौघं त्याच छोट्या बाल्कनीत बसलो. नाशिकहून आणलेली वाइन मी आणि बायकोने तिथेच उघडली. बऱ्याच जहाजांवर पहिल्या दिवशी प्रत्येक प्रौढामागे 750 मिलीची एक बाटली हातातून आत नेता येते. विमानात मात्र ती चेक-इन सामानात ठेवावी लागते, टॉवेलमध्ये नीट गुंडाळा. आई जहाजाच्या पाण्याची रेघ बघत तासभर गप्प बसली होती. सबंध प्रवासातला तो एक तास मला पुन्हा हवा आहे.

पेनांग चांगलं आहे, धक्क्यावरून जुन्या जॉर्ज टाउनमध्ये चालत जाता येतं, टॅक्सी करू नका.

मोबाइल चढतानाच फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात तो आपोआप जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि ते साध्या देशोदेशीच्या रोमिंग पॅकमध्ये बसेलच असं नाही. बायकोच्या फोनवर दोन मिनिटांचा एक कॉल घेतला, त्याचे पैसे वेगळे लागले.

परत आल्यावर एजंटने 1,48,000 पैकी 30,000 देऊ केले. मी नाकारले. ज्यांची अशी फसवणूक झाली असेल त्यांच्यासाठी: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे माझ्यासाठी नाशिकलाच. दोन वर्षांची मुदत असते आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आमचे 3,92,000 होते. आधी 1915 या हेल्पलाइनवर नोंद केली, मग लेखी नोटीस पाठवली. तक्रारीला एजंटचं व्हाउचर जोडलंय, जीटीवाय लिहिलेलं मूळ कन्फर्मेशन जोडलंय, साध्या दराच्या टिपेचं बिल जोडलंय. आणि दुसऱ्या पहाटे 4.43 ला आई-बाबांच्या खोलीत जाऊन फोनवर केलेलं 45 सेकंदांचं रेकॉर्डिंग. त्यात खुर्च्या स्पष्ट ऐकू येतात, आणि मध्येच आईचा आवाज: “अरे, वर कुणी घर बदलतंय का?”