क्लोदियाभोवती एक सत्र

लॅटिनच्या वरच्या वर्गाची वाचनयादी करताना आधी ओळी मोजाव्यात, लेखक मग ठरवावेत. 14 आठवडे, आठवड्याला 3 तास, म्हणजे 42. परीक्षा, उजळणी, प्रस्तावना आणि छंदांची ओळख वजा केली की वाचायला जेमतेम 35 तास उरतात. शिवाय लेखक बदलला की वर्गाचा वेग निम्म्यावर येतो आणि सावरायला आठवडा जातो. म्हणून दोन मोठे लेखक पुरे. व्हर्जिलपासून टॅसिटसपर्यंत सगळ्यांची हजेरी घेणारी यादी कागदावर शोभते, पण मुलांच्या हाती एकही लेखक नीट लागत नाही.

जोडी मात्र एकमेकांशी बोलणारी हवी. वक्ता सिसेरोचं, काएलिउस या तरुण रोमन राजकारण्याच्या बचावाचं भाषण (इ.स.पू. 56) आणि त्याच काळातला कवी कातुल्लुसच्या कविता यांच्याइतकी चांगली जोडी मला दुसरी दिसत नाही. खटल्यामागे क्लोदिया ही कुलीन रोमन स्त्री आहे असं सिसेरो ठसवतो. कातुल्लुसच्या कवितांतली प्रेयसी लेस्बिया म्हणजे क्लोदिया, असं दुसऱ्या शतकातला लेखक अपुलेयुस सांगतो. पण क्लोदिया नावाच्या बहिणी तीन होत्या, तेव्हा लेस्बिया म्हणजे हीच, असं वर्गात ठामपणे सांगू नये. तो वाद वर्गातच होऊ द्यावा.

भाषणाचे परिच्छेद 80. सगळं भाषांतरात पहिल्याच आठवड्यात वाचून घ्यावं, नाहीतर मुलं वाक्यं सोडवतात आणि युक्तिवाद हरवतो. लॅटिनमधून 1 ते 8, 18, 30 ते 50 आणि 61 ते 69, म्हणजे 39 परिच्छेद, 21 तासांत. पहिले दोन आठवडे तासाला एकच, पुढे दोन-तीन.

पहिल्या परिच्छेदाला पूर्ण तास द्यावाच. सुरुवातीच्या वाक्यात ‘सी’ने (जर) सुरू होणारी अट (‘आद्सित’, ‘मिरेतुर’), तिच्या पोटात अप्रत्यक्ष प्रश्न, मग ‘क्वोद’चं (कारण) उपवाक्य आणि मध्येच ‘ओम्निबुस... इंतेर्मिस्सिस’ ही संस्कृतच्या सति सप्तमीसारखी रचना, फक्त विभक्ती पंचमी. मुलं इथे शब्दकोश उघडतात, पण अडचण शब्दांची नसते. आधी क्रियापदं अधोरेखित करायला सांगावं, मग कुठलं कुणावर अवलंबून आहे ते दाखवायला, आणि अर्थ सगळ्यात शेवटी.

33-34 मध्ये सिसेरो क्लोदियाच्या पूर्वजाचा, आंधळ्या आप्पिउस क्लाउदिउसचा आवाज काढतो. हा भाग मोठ्याने वाचला तरच कळतो. 61 ते 69 मध्ये स्नानगृहातली विषाची डबी आहे. तिथवर वर्ग आपणहून पळायला लागतो.

18वा परिच्छेद गाळू नये. तिथे सिसेरो क्लोदियाला पॅलाटाइनची (रोममधली टेकडी) मेदेआ म्हणतो, म्हणजे ग्रीक पुराणातली सूड घेणारी जादूगारीण, आणि जुना कवी एन्निउसच्या ‘मेदेआ’ नाटकातली ‘उतिनाम ने’ (‘न होतं तर बरं’) ही पेलिऑन डोंगरावरच्या रानाबद्दलची ओळ येते. पुढे कातुल्लुसच्या 64व्या कवितेच्या पहिल्याच ओळीत पेलिऑनचे पाइन वृक्ष, आणि 171व्या ओळीत प्रियकराने टाकून दिलेल्या आरिआद्नेच्या तोंडी पुन्हा ‘उतिनाम ने’. हा धागा मुलांनी स्वतः पकडावा म्हणून आधी काही बोलू नये.

कातुल्लुसला 13 तास. कविता 5, 7, 8, 11, 51, 58. मग 64 मधल्या 1 ते 30 आणि 50 ते 264. शेवटी 72, 76, 85. एकूण 370 ओळी. पहिले तीन तास 15-15, नंतर 32च्या आसपास. सगळ्यांची आवृत्ती एकच हवी: 51व्या कवितेची आठवी ओळ हरवलेली आहे, काही संपादक तिथे स्वतःची भर छापतात, आणि वर्गात निम्मी मुलं नसलेली ओळ घेऊन येतात.

भाषांतर नेटवर मिळतंच. म्हणून घरून आणलेलं भाषांतर तासाला वाचून घेऊ नये. सात-आठ ओळींचा अर्थ, बाकी ‘हा सब्जंक्टिव्ह (अट, इच्छा, शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप) का?’ असे प्रश्न, आणि आठवड्यातून एकदा 10 मिनिटं न वाचलेला उतारा: 70वी कविता (4 ओळी), नंतर 109वी (6 ओळी).

शेवटच्या आठवड्यात एक तास इतिहासकार साल्लुस्तला: कॅटिलिनाच्या कटावरच्या ग्रंथातलं 25वं प्रकरण, कटात सामील असलेल्या सेम्प्रोनियाचं चित्र. ‘लुबिदो’सारखी (नेहमीच्या ‘लिबिदो’ऐवजी) शब्दांची जुनी रूपं फळ्यावर आधीच लिहून ठेवावीत, म्हणजे सगळा तास तिच्या आणि क्लोदियाच्या तुलनेला मिळतो.