तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांची गोळी मी का बंद केली

दर वर्षश्राद्धाला कुणीतरी विचारतंच. यंदा तर रामकुंडावरच मामेभावाने मोबाईल पुढे केला, हे बघ, हृदयाच्या इन्फेक्शनमध्ये कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून घेणारे जास्त वाचतात म्हणे, मग अण्णांची का बंद केलीस?

पाय दुखायचे म्हणून. रात्री दोन-दोनदा उठून पिंडऱ्या चेपून द्यायचे मी. या कोलेस्टेरॉलच्या गोळीने, म्हणजे स्टॅटिनने, स्नायू दुखू शकतात हे नेटवर वाचलं होतं आणि ते खोटं नाही. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, नाही विचारलं. दादाला कळू नये म्हणून सिडकोतल्या मेडिकलमधून दर महिन्याला स्ट्रिप आणायचे मात्र, त्या नंतर कपाटात सापडल्या आणि तिथून हा प्रश्न सुरू झाला.

गोळी बंद केल्यावर सात महिन्यांनी अण्णांची दाढ काढली, मग तो बारीक ताप. टायफॉईड असेल म्हणून आधी पाच दिवस, मग परत सात दिवस अँटिबायोटिक, त्याने झालं काय की ॲडमिट केल्यावर ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, काही उगवेचना. इकोत दिसलं, हृदयाच्या आधीच आखडलेल्या व्हॉल्व्हवर 12 मिलिमीटरची गाठ, जंतू, प्लेटलेट, फायब्रिन (रक्त गोठताना होणारे धागे) सगळं चिकटून, दर ठोक्याला स्क्रीनवर फडफडत होती.

ॲडमिशनच्या रात्री एक रेसिडेंट डॉक्टर, पोरगीच ती, पॅड घेऊन उभी. कुठल्या गोळ्या चालू आहेत काका? काकांच्या तोंडावर मास्क. मी बीपीची सांगितली, शुगरची सांगितली. जुनी फाईल बघत ती म्हणाली, आणि ॲटोरवास्टॅटिन 20?

"चालू आहे."

अण्णा माझ्याकडे बघत होते. मान हलवली असती तरी पुरलं असतं, पण नाही हलवली, मला सांभाळून घेतलं. मग तिथे रोज रात्री ती गोळी द्यायला लागले, आणि पाय परत दुखतात का हे मी एकदाही विचारलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी चहाचा कागदी कप तोंडाशी नेताना हात तसाच खाली आला. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला होता. चार दिवसांनी गेले.

आता तुमच्या त्या बातमीबद्दल. स्टॅटिनने सूज कमी होते, प्लेटलेट कमी चिकटतात, म्हणून तुकडे कमी सुटत असतील हे पटण्यासारखं आहे, मीही रात्र रात्र हेच वाचत बसायचे. पण वर्षानुवर्षं गोळ्या नेमाने घेणारी माणसं मुळात डॉक्टरकडे वेळेवर जाणारी असतात, तेवढ्यानेही वाचत असतील! अमेरिकेत सेप्सिसने, म्हणजे इन्फेक्शनने अवयव निकामी व्हायला लागतात त्याने, फुप्फुसं बिघडलेल्या 745 पेशंटवर रोसुवास्टॅटिनची रीतसर चाचणी झाली, 2014 मध्ये छापून आली, फायदा दिसला नाही. हे मी सगळ्यांना ऐकवते. मग मनातच म्हणते, अगं तो आजार वेगळा, आणि तिथे गोळी आजारपणात सुरू केली होती, आधीपासून चालू असलेल्यांचं काय?

अजून एक. अशा अभ्यासांत कोण गोळी घेत होतं हे बरेचदा प्रिस्क्रिप्शनच्या नोंदीवरूनच धरतात. म्हणजे अण्णा तशा एखाद्या यादीत असते तर 'घेणारे'मध्येच असते, आणि तरी गेलेले.

दादा, स्ट्रिपचं तुला माहीतच होतं. ते 'चालू आहे' आज कळतंय.